नवव्या मिनिटाबद्दल

निवास,
तू म्हणालास, "खरा काय ता सांग,
माका बरा वाटात म्हणान नको."
म्हणून तीन दिवस गप्प बसलो.

पहिल्यांदा ऐकलं जामसंड्याच्या एसटीत,
कानांत बोंडं घालून.
दोन मिनिटं वाटलं, फोनच बिघडलाय.
मग कळलं, हा बर्फाच्या फॅक्टरीतला कॉम्प्रेसर,
ज्याच्या शेजारी बसून तू रात्रपाळीला डबा खातोस,
आणि ती खरखर म्हणजे जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या
परातीत फिरवलेल्या.

मी पखवाजवाला. समेशिवाय
कधी कुठे उतरलो नाही.
तुझ्या बावीस मिनिटांत मी ती
मांडीवर बोटांनी शोधत राहिलो,
शेजारच्या बाईने पिशवी उचलून
पलीकडे घेतली.

तर ऐक.
सुरुवात लांबलीय.
कोकीळ काढ. तो कुठूनतरी उतरवून घेतलेला आहे,
देवगडचा कोकीळ इतका वेळेवर ओरडत नाही.
कळशीत फोन सोडून आणलेला घुमारा पुरे,
त्यावर परत मशीनचा घुमारा म्हणजे
सोलकढीत सोडा.

पेटीची काळी दोन अडकते, खटखटते,
दुरुस्त कर असं लिहिणार होतो.
पण दुसऱ्यांदा घरी लावलं
तेव्हा प्रमिला बांगडे साफ करत होती.
म्हणाली, कोण दार वाजवतंय बघा.
म्हटलं, हे निवासचं संगीत.
विळी थांबवून तिने जरा कान दिला.
"मगे दार तरी उघडा."
तेव्हा काळी दोन राहू दे.

नवव्या मिनिटाला लाइट जाते.
कॉम्प्रेसर दमत दमत खाली येतो,
षड्जावरून घसरतो,
पेटीवर जागा नाही अशा सुरावर टेकतो,
आणि बंद.
लाद्यांवरून पाणी ठिबकतं.
तुझा श्वास.
मग तू हळूच म्हणतोस, "गेली."
हे कापू का, असं तू विचारलंस.
कापलंस तर मला परत ऐकवू नकोस.
बाकीचं तू केलंयस,
हे झालंय.

तिसऱ्यांदा जेटीवर ऐकलं, रात्री, ओहोटीला.
चौदाव्या मिनिटाला, लाइट यायच्या आधी,
लांब खाडीत एक इंजीन आहे.
सात ठोके सरळ, आठव्याला लंगडतं.
परत सात, परत लंगडतं.
एवढं तरी पखवाजाच्या कानाला कळतं.
तुझ्या बाबांची होडी.
गेल्या पावसाआधी आचऱ्याच्या माणसाला दिलीस ती.
अजून बर्फाला तुझ्याच फॅक्टरीत येते, होय ना?
आठव्या ठोक्यावरून तू तिला
काय काय शिव्या घालायचास.

आणि तिथे, त्या लंगड्या ठोक्यावर,
माझी बोटं आपोआप पडली.

मुद्दाम पकडलीस
की फोन चालू होता आणि ती येऊन गेली,
विचारणार नाही.
फक्त तिचा आवाज वाढवू नकोस.
ज्याला कळायची त्याला कळेल.

शेवट जमलेला नाही.
अखेरची तीन मिनिटं तू घाबरलायस,
लोक काय म्हणतील म्हणून टाळ घातलेस,
तेही तालात.
काढ ते.
आणि देवळात नेऊन ठेव,
शनिवारी भजन आहे,
गुरव दोनदा विचारून गेला.