अठ्ठावीस नंबरची पट्टी

फेलिसितासबाईंनी फोन शालीच्या गाठीतून सोडवला,
अंडं सोडवावं तसा.
नोएमीनं पाठवलाय, म्हणाल्या, न्यू जर्सीहून.
चार महिन्यांचा ओव्हरटाइम आहे यात.
इथे वान्ताच्या बस अड्ड्यावर दांड्या दिसतात,
वर गावात एकही नाही.
बिघडलाय का बघ, एफ्राइन.

मी मॉडेलचा नंबर वाचला. शेवटचं अक्षर यू.
तिथेच कळलं. तरी भिंग लावलं,
कारण तीन तास उतरून आलेल्या माणसाला
अर्ध्या मिनिटात नाही म्हणणं बरं दिसत नाही.

बिघडलेला नाही, मामिता.
कुलूपही नाही त्याला, कुठल्याही कंपनीचं सिम घेतो.
पण कुलूप नसणं वेगळं
आणि दार असणं वेगळं.
खाली शहरात टॉवर चढ्या पट्टीत गातात,
ती पट्टी याच्या गळ्यात आहे.
तुमच्या डोंगरावर एकच टॉवर, तो खर्जात लावलेला:
सातशे मेगाहर्ट्झ, अठ्ठावीस नंबरचा बँड.
उंच गावाला खालचाच सूर लागतो,
तो लांब जातो, दरी ओलांडतो,
मातीच्या भिंतीतून आत येऊन बसतो.
हा फोन ज्या देशासाठी घडवला
तिथे त्याच सातशेच्या वाटण्या वेगळ्या पडल्यात.
बहिरा नाही हा.
एका सुरापुरता बहिरा.

"मग तो सूर घाल. किती सोल पडतील?"

घालता येत नाही.
काच बदलता येते, बॅटरी बदलता येते,
पण तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा
याच्या बोर्डावर जन्मतःच नाही.

मला वाटलं, आता रडतील.
त्यांनी पोतं उघडलं,
माझ्या हातावर एक बटाटा ठेवला, काळसर, गाठीगाठींचा.
"हा कडू. चार हजार मीटरवरच धरतो.
माझ्या दिरानं लीमाला नेऊन लावला.
पाला आला कमरेएवढा, खाली काही नाही.
बटाट्याचा दोष नाही. लीमाचाही नाही."
मग जरा थांबून,
"दिराचा होता थोडा."

मी नोएमीबद्दल काही बोललो नाही.
काउंटरवरच्या पोरानं तिला विचारलं नसणार,
बाई, कुठल्या उंचीवर वापरणार?
खोक्यावर तर छापलं होतं: जगभर चालतो.

तेव्हापासून जुना बटणांचा फोन वर जातो,
तो बोलतो, फक्त तोंड दाखवत नाही.
नवा माझ्या खणात, स्क्रू-ड्रायव्हरांच्या शेजारी.
रविवारी बाजार आटोपला की
त्या माझ्या स्टुलावर बसून लेकीला बघतात,
बोलणं कमी, बघणं जास्त.
भाडं म्हणून दोन किलो बटाटे.
मी नको म्हणतो. त्या वजन करतात.

परवा, बुधवारी, तो खणातच वाजला.
वाजू द्यावा की उचलावा.
बोटांना सोल्डरचा वास.
उचलला. गोदामाच्या जाकिटातली एक मुलगी,
मागे छतापर्यंत खोकी.
"आई?"
आई वर आहे, म्हणालो. बटाटे काढायला.
तिनं मान हलवली, जणू तिला माहीत होतं,
नुसतं वाजवून बघत होती.
मग म्हणाली, "कॅमेरा जरा बाहेर वळवता?
डोंगराकडे."
चार्जर काढून मी फोन दारापर्यंत नेला.
ढग होते, काहीच दिसत नव्हतं.
तिची सुट्टी संपेपर्यंत
धरून उभा राहिलो.