पडदा क्रमांक नव्याण्णव

शिरोलीच्या फौंड्रीत, मोल्डिंग शॉपच्या मागं
एक खोली आहे. तिला खिडकी नाही.
आत सर्व्हर. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही,
एक निळी वायर आणि सदा भणभणणारा पंखा.
मी तिथं क्वचित जाते.
राजारामपुरीतल्या घरातून चार अक्षरं टाइप करते,
तो चार ओळींत उत्तर देतो.
मितभाषी माणसाशी संसार करावा, तसं चाललंय आमचं.

वजनकाट्याचा प्रोग्रॅम मात्र हौशी.
हिदायत मुजावरनं लिहिलेला, सतरा वर्षांपूर्वी.
त्याला चौकट लागते, बटणं लागतात,
वर हिरवी पट्टी, पट्टीत फौंड्रीचं नाव,
खाली गाडी नंबर, भरलं वजन, रिकामं वजन.
जुना पीसी वाळूच्या धुळीनं गेला
तेव्हा याला उचलून मी सर्व्हरवर आणलं.
उंबऱ्यातच अडला :
डिस्प्ले सापडत नाही.
पुन्हा चालवला.
डिस्प्ले सापडत नाही.
आरशाशिवाय मांडवात न येणारा नवरदेव.

मग मी त्याला फसवलं.
मेमरीतच एक पडदा उभा केला,
बाराशे ऐंशी बाय हजार चोवीस,
रंग सगळे खरे, काच तेवढी नाही.
नंबर दिला नव्याण्णव.
म्हटलं, हा बघ, समोरच आहे.
त्याला पटलं.

आणि मी निघून गेले तरी तू थांबू नको
असं बजावून लॉग आउट केलं.

चार महिने तो त्या अंधारात हिरवी पट्टी रंगवत राहिला.
बटणाला सावली देत राहिला, उजवीकडं, खालून.
कर्सर लुकलुकत राहिला, कुणासाठी
हे त्यानं विचारलं नाही
आणि चिठ्ठ्या बरोबर छापल्या, किलोला किलो.

मग परवा, पहाटे साडेचारला तातोबाचा फोन :
"बाई, काटा गप झालाय.
स्क्रॅपच्या नऊ गाड्या हायवेला लागल्यात."

लॉग पाहिला. चूक एकही नाही.
प्रोसेस जिवंत. कष्ट शून्य टक्के.
म्हणजे वाट बघतोय.
कशाची, ते कुठंच लिहिलेलं नाही.

नसलेल्या पडद्याचाही फोटो काढता येतो.
एक आज्ञा, एक फाईल.
ती लॅपटॉपवर ओढून घेतली, उघडली,
आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचं तोंड बघितलं.
हिरवी पट्टी. तिच्यावर मधोमध एक करडा चौकोन :

आज जोतिबाची यात्रा. कारखाना बंद.
तरी वजन घ्यायचं?
हो. नको.

सोर्स उघडला. तीस वर्षांच्या चैत्र पौर्णिमा,
पंचांगातून हातानं उतरवलेल्या, तारखेखाली तारीख,
आणि शेजारी शेरा :
तातोबा दरसाल विचारतो, म्हणून.

हिदायत आता मस्कतला असतो म्हणे.

"व्हय की," तातोबा म्हणाला,
"त्यो डबा यायचा दरसाल. मीच दाबायचो.
औंदा पडदाच न्हाई, मला काय म्हाईत त्यो इचारतोय ते."

दर चैत्रात आपोआप 'हो' म्हणणारी
एक ओळ मी लिहिली.
चालेल का, तपासली. चालत होती.
मग पुसली.

घरातून, न दिसणाऱ्या माऊसनं,
न दिसणाऱ्या बटणावर, मोजून काढलेल्या जागी,
सहाशे बारा आडवे, पाचशे चाळीस उभे,
एकदाच दाबलं.
फोनमधून प्रिंटर खरवडल्याचा आवाज आला.
पहिली गाडी काट्यावर चढली.

"काय म्हणत हुता त्यो?"
आज सुट्टी आहे, म्हणत होता.
तातोबा जरा वेळ बोलला नाही.
मागं ड्रायव्हर हॉर्न देत होते.
"मग बरोबरच हाय की त्येचं," म्हणाला,
आणि "नऊ गाड्या झाल्या की मी निघतो डोंगराला,
मालकाला तेवढं सांगा."