सुक्या बांगड्याचा हिशेब

दिवाळीनंतर एकदा डाव्या खांद्यानं
हात वर न्यायला साफ नकार दिला.
कुडाळच्या डॉक्टरांनी विचारलं, ओझं कसलं उचलता?
मी म्हणालो, लग्नं.

बावीस वर्षांची लग्नं.
दोन बॉड्या, सत्तर-दोनशे, फ्लॅश, त्याच्या बॅटऱ्या,
पावसाळाभर तांदळाच्या डब्यात निजवलेल्या लेन्सा.
तरी एकीला बुरशी धरलीच, कोपऱ्यात,
जाळीदार, खरं सांगायचं तर देखणी.
बॅग लवू उचलतो, पण लवू मुहूर्तापुरता.
एरवी सकाळी बॅग कपाटात
आणि मी वेंगुर्ल्याच्या बंदरावर, हात हलवत.
आणि नेमकं तेव्हाच
होडीच्या नाळेवर आरसा टेकवून खलाशी दाढी करतो,
रापणीच्या दोराला लोंबकळत दोन पोरं
शाळेची घंटा बुडवतात,
आणि मी डोळे मिटून उघडतो, शटरसारखे.
त्याचे प्रिंट निघत नाहीत.

बायको म्हणाली, मोबाइल आहे की.
आहे. पण तो खिशातून काढला
की आधी नवरीच्या मामाचा मेसेज दाखवतो:
अल्बम कधी?

तीन महिने घोळ घातला.
जुना फ्लॅश विकला, एक स्टँड विकला,
आणि घेतला एकदाचा, धाकटा.
आत आरसा नाही. लेन्स एकच, न निघणारी.
झूम नाही.
जवळचं हवं तर जवळ जा, असा सरळ बोलणारा.

पहिल्या दिवशी विश्वास नव्हता,
म्हणून दोन्ही घेऊन गेलो:
थोरला गळ्यात, धाकटा सदऱ्याच्या खिशात.
द्वारका गिरप काट्यावरचा बर्फ झटकत म्हणाली,
"दोन दोन? ठेव हयसर, बघूया कितके भरतत."
थोरला, लेन्ससकट: दोन किलो सातशे.
"एवढी इसवण गावली तर आज घराक जाईन!"
धाकटा: तीनशे दहा.
"ह्ये तर बांगडे. मोठे दोन."
मग किंमत विचारली. मी सांगितली, थोडी कमी करून.
ती दचकली नाही.
"हलक्याक पैशे पडतलेच.
सुको बांगडो बघ. पाणी गेलां, वजन गेलां,
भाव खंय गेलो?"

आणि हसली, मान मागे टाकून,
कानातली कुडी उन्हात,
मागे टोपल्या, त्यामागे दीपगृहाचं टेकाड,
बावीस वर्षांत एकाही करवलीनं
मला असं हसून दिलेलं नाही.
माझे हात वर गेले, खांद्यासकट,
आणि रिकामेच राहिले.
दोन्ही कॅमेरे काट्यावर होते.

नंतर विचार करत बसलो,
ह्याच्यातलं नेमकं कुठलं पाणी काढलंय.
काकण गरुड खाडीवरून गेला,
नख्यांत काहीतरी चमकत होतं.
धाकट्यात तो एक ठिपका आला, धूळ म्हणून पुसावा असा.
थोरल्यात पीस न् पीस आलं असतं,
पण थोरला तोवर बॅगेत, बॅग गाडीत,
गाडी लिलावाच्या शेडमागे.
म्हणजे ते पाणी.
मग द्वारकेसमोर उकिडवा बसलो,
वीतभर अंतरावर,
तिनं पदर सारखा केला नाही,
गिऱ्हाइकाशी भांडण मध्येच तोडलं नाही.
भांडतानाचे अकरा फोटो आहेत माझ्याकडे.
हसतानाचा एकही नाही.

घरी येऊन बघतो तर धाकट्याच्या बुडाला
एक खवला चिकटलेला, सुकून घट्ट.
लेन्सवर नाही, म्हणून राहू दिला.

परवा मोचेमाडला लग्न आहे.
बॅग लवूच्या खांद्यावर असेल, सदऱ्याला खिसा आहे,
आणि मांडवामागे, जिथे आचारी बसतात,
जिथे वधूपिता एकटाच खुर्च्या मोजत फिरतो,
तिथे जाऊन यायचं ठरवलंय.
नवरीच्या मामाला हे सांगितलेलं नाही.
खांद्यालाही नाही.