जिच्या जागी

रुवीत रात्रीचे अकरा, तेव्हा टेक्सासला दुपारचे दोन.
सोफ्यावरचे धुतलेले कपडे बाजूला सारून
मृण्मयी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवते
आणि पडद्यातला गुळगुळीत दाढीचा माणूस म्हणतो,
आमच्याकडे या, आपण एक कुटुंब आहोत.
मी ओट्याशी उभा.
बाबा, कॅमेऱ्यात यायचं नाही, असा हुकूम आहे.

सहा फूट एक इंच.
मंडळाच्या कोजागरीला बायका म्हणायच्या,
हिला हार घालायला नवरा शिडी घेऊन येणार.
ती हसायची, आणि हसता हसता जराशी वाकायची.
ते वाकणं दांते सरांनी काढलं.
फिलिपिन्सचा माणूस, दिवसा टाइल्सच्या दुकानात हिशेब लिहायचा,
रात्री वादी कबीरच्या पार्किंगमध्ये,
इशाची नमाज सुटून गाड्या हलल्या की
दिव्याच्या खांबाला रिंग, तोंडात शिट्टी.
वाकायचं फक्त चेंडूसाठी, म्हणायचे.

आता तीन कॉलेजं दारात उभी.
टेक्सास : सगळी फी, राहणं, जेवण,
आणि फोटोत तिच्या नावाची जर्सी, आधीच शिवलेली.
आडनावात एक अक्षर चुकलंय, मी बोललो नाही.
फ्लोरिडा : बुटांचे सहा जोड, निळा तलाव,
आणि दर गुरुवारी झोप नीट झाली का विचारणारी बाई.
मिनेसोटा : निम्मी फी. बर्फ.
तिथली कोच गाडीत बसून बोलते, मागच्या सीटवर कुत्रं भुंकतं.

सल्ले फुकट मिळाले.
बोरवणकर म्हणाले, नाव बघा. त्यांच्या सौ. म्हणाल्या, हवा बघा.
दांते सर म्हणाले, तिला बघू द्या.

तिनं तिघांना एकच विचारलं :
मी जिच्या जागी येणार, ती कुठं गेली?

टेक्सासचा हसला. आपण पुढं बघतो, म्हणाला.
फ्लोरिडाच्या बाईनं तक्ता पाठवला,
उंची, वजन, दर सामन्यामागे गुण.
मिनेसोटाची गप्प झाली. कुत्रंही.
मग म्हणाली, हॅना. गुडघा. दोन ऑपरेशनं झाली.
अजून येते सरावाला, कडेला बसून गुण लिहिते.
तिचे पैसे मी काढून घेतले नाहीत,
म्हणून तुला निम्मेच देता येतात.

मी एकच पेला बराच वेळ विसळत होतो.

मला निवडलं तेव्हा
एजंटच्या ऑफिसात एका पंख्याखाली आम्ही बावीस जण,
एक कंपनी, एक कागद, सही कुठं करायची तिथं पेन्सिलीची फुली.
इथं खोलीवर आलो तर पलंगाखाली चपला होत्या,
नऊ नंबरच्या, अंगठ्याशी झिजलेल्या.
महिनाभर तशाच राहू दिल्या.
मग घालू लागलो. मापाच्या होत्या.
कुणाच्या, ते विचारलं नाही.

वेडी आहेस का, असं मात्र मी म्हणालोच.
फुकट मिळतंय ते सोडून?
दोन दिवस घरात फक्त एसी बोलत होता.
तिसऱ्या रात्री विजेच्या बिलामागे हिशेब मांडला,
चिपळूणचा प्लॉट, भिशी, तिच्या आईच्या पाटल्या.
पाटल्या खोडल्या. पुन्हा लिहिल्या.

शुक्रवारी रुवीच्या बाजारात,
बाहेर बेचाळीस डिग्री, आम्ही जाड कोट मागतोय.
कोळिकोडचा दुकानदार आधी आमच्याकडे बघतो, मग उन्हाकडे,
मग माळ्यावर चढून धुळीतून एक काढतो. पुरुषाचा.
मृण्मयी आरशासमोर हात वर करते, रिंगकडे करते तसे,
आणि दोन्ही मनगटं चांगली चार बोटं बाहेर येतात.
याहून मोठा येत नाही, दुकानदार म्हणतो.