अ आणि ब

पुस्तकात अ एक काम दहा तासांत करतो,
ब पंधरा तासांत.
दोघे मिळून किती तासांत?
पाच, सहा, आठ, साडेबारा.

मी क्ष मांडते.
आई सुपावर वाकून पाला कापते,
शेजारी बाळव्वा मोजते
ऐदु, हत्तु, हदिनैदु…
कट्टा मात्र दोघींचा पंचविसाचाच.

"काम कसलं गं?" आई विचारते.
ते दिलेलं नाही.
"इड्या असतील तर पाला भिजलेला का वाळका, ते सांग.
आणि दोघी जवळ बसल्या
की बोलणारच.
सात तास धर."

बाळव्वा दोरा दातांनी तोडते.
"आणि छाट?
शेकड्याला दहा तरी फेकतोय मुकादम.
त्येचा तास कुणाच्यात धरायचा?"

मी पर्याय पुन्हा वाचते.

रविवारी निपाणीत, सराव परीक्षेत,
चाळीस सेकंदांत सहाचा गोल काळा केला.
बरोबर आलं. एक गुण.
पुढची चार चुकली,
प्रत्येकी पाव कापला,
म्हणजे तोही गेला.

घरी सांगितलं.
आईनं कात्री थांबवली नाही.
"म्हंजे तिथंबी छाट हाय."