एक, तीन, चार, दोन

१

दुपारी अडीचला ट्रक वजनकाट्यावर चढला.
परतूरचा भंगारवाला, कागदावर ‘मिक्स लोखंड’.
पलंगाच्या पट्ट्या, मोडकी तिफण, कूलरचे पत्रे,
आणि त्या ढिगातून वर आलेली
उभ्या खाचांची एक जाळी.

मी खिडकीतूनच मोजल्या. नऊ.
नऊ म्हणजे लढाईतली विलीज.
सात असत्या तर नंतरची, शेतीभातीसाठी केलेली.
हे मला शिकवलं गेलं तेव्हा
मला नऊचा पाढा येत नव्हता.

३

जालन्यात मोंढ्याच्या मागे, कडुनिंबाखाली,
निवृत्ती पांचाळ. माझे वडील.
फाळ शेवटायचं सोडून पाना धरलेला लोहार.
“चार सिलिंडर, साठ घोडे,” असं सांगायचे
की गिऱ्हाईक मागच्या बोळात पागा शोधायचं.

व्हॉल्व्ह डोक्यावर नाहीत, बगलेत.
एक्झॉस्टला सोळा थाउची फट.
माझ्या बोटांत पोलादी पट्टी देऊन म्हणायचे,
“डोळे झाक. कागद सरकल्यावानी वाटलं पायजे.
काय बघायलीस? बघून कळत नसतंय ते.”

बॅटरी सहा व्होल्टची, रुसकी.
टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली,
म्हणून कासलीवाल शेठच्या जिनिंगचा हसन ड्रायव्हर
बिडी पेटवताना एक पाय बाहेर ठेवायचा.
स्टिअरिंग डावीकडे; समोरून येणाऱ्या बैलगाडीला
ती रिकामीच चालत आल्यासारखी दिसे.

लोक म्हणाले, डिझेल इंजिन टाक, पैसा वाचंल.
वडील म्हणाले, टाकतो. आणि टाकलं नाही.

ठिणगी सरळ मोजत पडत नाही, हे त्यांनीच सांगितलं.
एक, तीन, चार, दोन.
ओळीनं पेटवलंस तर गाडी नुसती थरथरंल,
जायची कुठंच नाही.

४

फेब्रुवारीतला अवकाळी पाऊस.
दुधनेच्या काठानं मतपेट्या आणायच्या होत्या,
सरकारी गाडी काळ्या मातीत पाट्यापर्यंत रुतलेली.
मला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मीही.

गिअरच्या दांड्याशेजारी दोन बुटके दांडे असतात.
एक ओढला की पुढची चाकं जागी होतात,
दुसरा ओढला की गाडी म्हशीसारखी
सावकाश, पण ऐकत नाही कुणाचं.
ती चिखल चघळत वर आली.
मागे शिपाई पेट्यांवर डोकं ठेवून घोरत होता.

मग बंद पडली. काळोख.
वडिलांनी दिव्यामागची पंखनट सैल केली
आणि पूर्ण दिवाच फिरवला, आतल्या बाजूला.
तोवर मला ठाऊक नव्हतं
की तिचे डोळे असे उलटे वळतात,
तिला स्वतःच्या पोटात उजेड पाडता येतो.
ओला प्लग मी फ्रॉकला पुसला. तो डाग गेला नाही.

डांबर लागताच त्यांनी पहिलं काम केलं :
दांडा पुढं ढकलला, पुढची चाकं सोडली.
“चिखलात धरायचं, सडकंवर सोडायचं.
नायतर एक्सल आतल्या आत आवळत जातो.
वरून काई दिसत नाई.”

२

मी काट्यावरून उतरून ट्रकवर चढले.
हमाल म्हणाला, “मॅडम, साडी फाटंल.”
इंजिन कधीच गेलेलं. त्या जागी
चिमणीचं वाळकं घरटं आणि वायरचा तुकडा.
टायर नव्हते. फ्लोअरबोर्डमधून खालचा पत्रा दिसत होता.

दोन दांडे मात्र होते.
डावा मागे ओढलेला.
कुणीतरी पुढची चाकं जोडून
सडकेवरून पळवली होती, किती वर्षं कुणास ठाऊक.

दोन्ही हातांनी ढकललं. हललं नाही.
बूड टेकून, पाय लावून पुन्हा.
खट्.

खाली हॉर्न वाजत होते, मागे चार ट्रक.
मी केबिनमध्ये येऊन आकडा घेतला :
नऊ हजार दोनशे दहा किलो, गाडीसकट.
हाताचा गंज पावतीवर लागला.
भंगारवाल्यानं ती फुंकरून घडी केली, खिशात घातली,
आणि ट्रक भट्टीच्या बाजूला वळला,
तिसऱ्यात, जरा धक्के खात.
त्याचा दोन नंबर मारत नव्हता.