एक हात खिशात

खोका आला तेव्हा बर्नलीत गारा पडत होत्या.
पोस्टमन धापा टाकत म्हणाला, विटा मागवल्यात का?
म्हटलं, ट्रान्सफॉर्मर. तीन.
तो हसला नाही. सही घेऊन गेला.

टेबलावर जुनी चादर अंथरली,
केकच्या साच्यातल्या बारा खळग्यांत
रेझिस्टर निवडून ठेवले, तांदूळ निवडावेत तसे.
अंगावर रंगीत पट्टे, पट्ट्यांत किंमत.
तक्ता उघडावा लागला नाही:
चौथीत सामंतबाईंनी घोकून घेतलेलं तानापिहिनिपाजा
इथे जवळजवळ जसंच्या तसं चाललं.
तांबडा दोन, नारिंगी तीन, जांभळा सात.
पारव्याला तेवढी नोकरी मिळाली नाही.

राळेचा धूर डोळ्यांत.
माझे पहिले नऊ डाग फुगीर, मळकट.
शेजारच्या क्लिफर्ड ऑर्मरॉडने चष्म्यावरून पाहिलं,
म्हणाला, सर्दी झालीय का तुझ्या शिशाला?
आधी टोकाला कल्हई कर. मग तार तापव.
शिसं आपणहून येतं,
त्याच्यामागे धावायचं नसतं.

चाळीस वर्षं त्याने गिरणीत माग दुरुस्त केले.
मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते,
त्याचे न तपासताच सांगू शकते:
चार हजार हर्ट्झपाशी दरी,
दरीपलीकडे पक्षी नाहीत, किटलीची शिट्टी नाही.
तो माझे ओठ वाचतो,
इंग्रजी बोलताना मराठीच राहिलेले.

एकच नियम त्याने पाकिटाच्या मागे लिहून दिला.
आत चारशे व्होल्ट. बंद केल्यावरही
कपॅसिटर लगेच विसरत नाहीत.
तपासताना एक हात खिशात.
दोन्ही आत घातलेस तर वाट छातीतून जाते.

माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता.
त्या रात्री शिवला.

सतरा रविवार गेले.
एक स्क्रू कमी पडला, दोन वॉशर उरले,
का उरले ते अजून कळलेलं नाही.
एक कपॅसिटर मी उलटा लावला होता,
त्याने नुसतं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मार्चमध्ये, संध्याकाळी, बटण दाबलं.
चारही व्हॉल्व्ह सावकाश तांबूस झाले.
जळका वास आला, तो धुळीचा निघाला.
पन्नास पेन्सची जुनी तबकडी लावली:
वाफेची इंजिनं, चढावर, पावसात.
इंजिन डावीकडून निघालं, सिंकवरून गेलं,
उजवीकडे फ्रिजमागे दिसेनासं झालं,
आणि मागे राहिली
कुणाच्या तरी बुटांखालची खडी,
एकेक खडा.

ऐकू आलं? मी विचारलं, आणि जीभ चावली.
त्याचा तळवा स्पीकरच्या लाकडावर होता.
घरघर आहे, तो म्हणाला.
नाही, मी म्हटलं. माझे कान, माझं प्रमाणपत्र.
आहे.

सुई उचलली. गुडघे टेकून जाळीला कान लावला.
होती. पन्नास हर्ट्झ, अगदी तळाशी,
खर्जाची तार छेडून कुणी उठून गेल्यासारखी.
माग बिघडला की आधी बुटाच्या तळव्याला कळायचं,
तो म्हणाला, कान तर पहिल्याच वर्षी गेले.

रात्री साडेनऊपर्यंत शोधत होतो.
अर्थ दोन जागी जोडला गेला होता.
वायरवाला अर्थ. तो एकाच खिळ्याला हवा,
दोन झाले की आपापसात कुरकुरतात.
प्लग काढला, थांबले, मीटरवर शून्य पाहिलं,
तरी एक हात खिशातच ठेवून
उजव्या हाताने ती जास्तीची तार सोडवली.

पुन्हा बटण. पुन्हा तांबूस.
त्याने तळवा ठेवला, बराच वेळ, डोळे मिटून.
आता काय वाजतंय?
काही नाही, मी ओठांनी म्हटलं, मग आठवलं,
त्याच्या खांद्याला हात लावला, त्याने डोळे उघडले,
पुन्हा म्हटलं: काही नाही.
बरोबर, तो म्हणाला. तसंच लागतंय.

मग कोट घालून गेला.
चष्मा केकच्या साच्यात राहिला.